फरारी आणि बेपत्ता : एका सत्यकथाप्रकाराची चिकित्सा

१

गुन्ह्याची कथा ही शेवटाच्या आधाराने उभी राहणारी कथा आहे. आरंभी एक प्रेत असते, मध्यंतरी शोध असतो आणि अखेरीस गुन्हेगार हाती लागतो. हे तिन्ही टप्पे वाचकाच्या इतके अंगवळणी पडलेले असतात की, त्यांतील अखेरचा टप्पाच गळून पडला तर त्या कथेचे काय होईल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कल्पित रहस्यकथेपुरते हे ठीक आहे, कारण तेथे शेवट लेखकाच्या स्वाधीन असतो. प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्याची हकीकत सांगणाऱ्याला मात्र हे स्वातंत्र्य नसते. आरोपी सापडलाच नाही, सापडून निसटला, किंवा ज्या देशात त्याच्यावर सर्वांत भयंकर आरोप होते त्या देशाच्या न्यायासनासमोर तो कधी उभाच राहिला नाही, तर लेखकाच्या हाती आरंभ आणि मध्य उरतो. शेवटाच्या जागी एक पोकळी राहते. फरारी गुन्हेगारांच्या सत्यकथा म्हणून आज जे विपुल वाङ्मय सर्वत्र निर्माण होत आहे, त्याचा वाङ्मयीन प्रश्न या पोकळीत आहे. नैतिक प्रश्नही तेथेच आहे. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, हे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

शेवटाचे हे महत्त्व किती असते, हे ट्रुमन कपोटी यांच्या 'इन कोल्ड ब्लड' या ग्रंथाच्या निर्मितीवरून ध्यानात येते. १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये कॅन्सस राज्यातील एका शेतकरी कुटुंबातील चौघांचा खून झाला. खून करणारे दोघे सुमारे सहा आठवडे मोकळे हिंडले आणि ३० डिसेंबर रोजी पकडले गेले. ग्रंथाची सामग्री लेखकाजवळ लवकरच जमली होती. परंतु १४ एप्रिल १९६५ रोजी त्या दोघांना फाशी होईपर्यंत ग्रंथ पुरा होऊ शकला नाही. दोन माणसांच्या मृत्यूची वाट पाहत थांबलेली कलाकृती, हे दृश्य अस्वस्थ करणारे आहे. पण त्यातून या प्रकाराचा नियम उघड होतो : सत्यकथेला रूप येण्यासाठी न्यायाची प्रक्रिया कोठेतरी थांबावी लागते. ती थांबलीच नाही तर रूपही येत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण १९७१ सालचे आहे. त्या वर्षीच्या २४ नोव्हेंबरला एका अज्ञात उतारूने अमेरिकेत एक प्रवासी विमान ओलीस धरून २ लाख डॉलर मिळविले आणि रात्रीच्या अंधारात हवाई छत्रीच्या साहाय्याने उडी घेतली. तो पुन्हा कोणालाही दिसला नाही, आणि २०१६ मध्ये त्या प्रकरणाचा सक्रिय तपास अधिकृतपणे थांबविण्यात आला. येथे कोणी मारले गेले नव्हते. म्हणून शेवटाची पोकळी लोकांनी कौतुकाने भरून काढली आणि एका चोराची दंतकथा झाली. या दोन टोकांच्या मध्ये जे मोठे क्षेत्र उरते, ते अधिक अवघड आहे. तेथे माणसे मेलेली असतात आणि तरीही शेवट हाती नसतो.

या क्षेत्राचा विचार करताना मराठीतील तीन शब्द उपयोगी पडण्यासारखे आहेत. गाव सोडून गेलेल्या माणसाला मराठी भाषा एकच नाव देत नाही. आपत्तीमुळे किंवा जुलमामुळे देशोधडीला लागलेला तो 'परागंदा'. त्या शब्दात कणव आहे. शिक्षेच्या भयाने पळालेला तो 'फरारी'. त्या शब्दात आरोप आहे. आणि ज्याचा ठावठिकाणा कोणालाच उरलेला नाही तो 'बेपत्ता'. त्या शब्दात घरी वाट पाहणाऱ्यांची काळजी आहे. पहिले दोन शब्द जाणाऱ्याकडे पाहतात, तिसरा मागे राहिलेल्यांकडे पाहतो. फरारी माणसाच्या कथेत हे तिन्ही शब्द एकमेकांत मिसळतात, आणि कोणता शब्द कोणाला लावावयाचा याचा निर्णय करण्यात लेखकाची सगळी कसोटी लागते.

२

आपल्या देशात ही कथा नवी नाही. ती सांगणाऱ्याने कोठे बसावे, याची निरनिराळी उत्तरे गेल्या दोनशे वर्षांत दिली गेली आहेत. ती उत्तरे तपासली म्हणजे आजचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो.

पहिले आसन पाठलाग करणाऱ्याचे. उमाजी नाईकांना फेब्रुवारी १८३२ मध्ये पुण्यास फाशी देण्यात आले. त्यांच्या पाठलागावर असलेले कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांनी रामोशी जमातीचा आणि उमाजींच्या जीवनाचा वृत्तान्त १८३३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केला. ज्याने पकडावयाचे त्यानेच चरित्र लिहावयाचे, असा हा विलक्षण प्रकार आहे. बंगालमध्ये प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी १८९२ पासून चालविलेले 'दारोगार दप्तर' हेही याच आसनावरून केलेले लेखन होय. कलकत्त्याच्या पोलीस खात्यातील हा अधिकारी आपल्या दप्तरातील प्रकरणे वाचकांपुढे मांडीत असे. या आसनाचा गुण असा की, तेथून पुरावा दिसतो. त्याची मर्यादा अशी की, तेथून गुन्हेगार केवळ शोधाचा विषय म्हणून दिसतो आणि कायदा स्वतः न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न तेथून सुचतच नाही.

दुसरे आसन गुन्हेगाराच्या तोंडाजवळचे. फिलिप मेडोज टेलर यांच्या १८३९ मधील 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीत अमीर अली हा माफीचा साक्षीदार झालेला ठग साहेबाला आपली कहाणी स्वतः सांगतो. साहेब अधूनमधून शहारतो, पण ऐकतच राहतो. तो वाचकाचा प्रतिनिधी आहे. जो बोलतो तो जवळचा वाटू लागतो, हा कथनाचा अगदी प्राथमिक नियम आहे, आणि ज्यांचे गळे आवळले गेले त्यांना बोलता येत नाही, ही या रचनेतील मूलभूत विषमता आहे. अमीर अली साखळदंडात असल्यामुळे त्या विषमतेला काही अंशी तरी तोल येतो. साखळदंड काढून घेतले तर तो तोलही जातो.

तिसरे आसन शाहिराचे. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची. तिच्या नायकाच्या मागेही सरकार आहे. परंतु तो लूट करतो ती उपासमारीने मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी, आणि अखेरीस स्वाधीन होतो तोही त्या माणसांसाठीच. ज्या राज्याने १८७१ च्या कायद्यान्वये जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, हजेरीच्या बंधनात ठेवल्या आणि परवानगीवाचून हद्द ओलांडणे हाच अपराध केला, त्या राज्याच्या दप्तरी 'फरारी' असणे म्हणजे खऱ्या अर्थाने परागंदा असणे होय. तेथे शाहिराने फरारीच्या बाजूने उभे राहणे हा न्यायाचाच पक्ष घेणे होते. 'फकिरा'तील सहानुभूती ही म्हणून भाबडी नाही. ती कमावलेली आहे. कारण तिच्या मागे भुकेचा आणि कायद्याच्या स्वरूपाचा पुरावा उभा आहे.

अडचण पुढे निर्माण होते. या तिसऱ्या आसनावरून जी एक भावनेची सवय वाचकांना लागली, ती कारण उरले नसतानाही टिकून राहते. धावणारा एकटा माणूस आणि त्याच्या मागे लागलेले राज्य, एवढे चित्र दिसले की मन आपोआप धावणाऱ्याकडे झुकते. तो कशापासून धावतो आहे, हे विचारण्याचे भान राहत नाही. आधुनिक फरारी सत्यकथेचे यश बऱ्याच अंशी या उसन्या सहानुभूतीवर उभे आहे.

३

या दृष्टीने चार्ल्स शोभराज याच्याविषयीचे वाङ्मय विशेष अभ्यसनीय आहे. १९४४ मध्ये सायगाव येथे जन्मलेला, भारतीय पित्याचा आणि व्हिएतनामी मातेचा हा मुलगा पुढे आईच्या फ्रेंच पतीबरोबर फ्रान्समध्ये गेला, तेथे तुरुंगात गेला आणि नंतर आशियातील अनेक देशांत चोऱ्या, फसवणूक व तुरुंगातून पलायन यांची मालिका त्याने उभी केली. १९७० नंतरच्या त्या काळात युरोप-अमेरिकेतील हजारो तरुण-तरुणी थोडे पैसे आणि पुष्कळ विश्वास घेऊन तुर्कस्तान, अफगाणिस्तान, भारत, नेपाळ या वाटेने हिंडत होती. हाच त्याचा मृगयेचा प्रदेश होता. १९७५-७६ मध्ये थायलंडमध्ये आणि नेपाळमध्ये अशा अनेक प्रवाशांचे मृतदेह सापडले. बँकॉकच्या पोलिसांनी १९७६ च्या मार्चमध्ये त्याला ताब्यात घेतले आणि सोडून दिले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दिल्लीत फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका समूहाला औषधातून गुंगी देण्याचा प्रयत्न फसला, आणि तो पकडला जाऊन तिहार तुरुंगात गेला.

यानंतरचा भाग तर कोणत्याही कादंबरीकाराने असंभाव्य म्हणून टाकून दिला असता. १६ मार्च १९८६ रोजी पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई देऊन तो तिहारमधून बाहेर पडला. ६ एप्रिल रोजी मुंबई पोलिसांतील निरीक्षक मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या एका उपाहारगृहात पकडले. या पलायनामुळे त्याची शिक्षा वाढली. थायलंडमधील खटला भरण्याची मुदत २० वर्षांची होती आणि तेथे मृत्युदंडाची शक्यता होती; ती मुदत भारतातील तुरुंगातच संपून जावी, यासाठीच हे पलायन होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९९७ मध्ये तो सुटून फ्रान्सला गेला. २००३ मध्ये तो आपण होऊन काठमांडूला आला, तेथे ओळखला गेला, आणि १९७५ मधील एका अमेरिकन तरुणीच्या खुनाबद्दल २००४ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २०१४ मध्ये तिच्या कॅनेडियन सोबत्याच्या खुनाबद्दलही तो दोषी ठरला. डिसेंबर २०२२ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, वय व भोगलेली शिक्षा लक्षात घेऊन, त्याची मुक्तता झाली आणि त्याला फ्रान्सला पाठविण्यात आले. थायलंडमधील मृत्यूंबद्दल त्याच्यावर खटला कधीच चालला नाही.

पळून जाण्यासाठी सामान्यतः तुरुंगाबाहेर पडावे लागते. येथे एका न्यायापासून पळण्यासाठी दुसऱ्या न्यायाचा तुरुंग वापरला गेला. फरारी या शब्दाचा अर्थच येथे पालटतो : ठावठिकाणा सगळ्यांना ठाऊक असलेला, भिंतीआड बंदिस्त असलेला, आणि तरीही फरारी. अशा माणसाचे चरित्र लिहावयाचे तर शेवट कोठे करावा?

४

१९७९ मध्ये, म्हणजे हे प्रकरण अर्ध्यावर असताना, दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. एक रिचर्ड नेव्हिल आणि ज्युली क्लार्क या दांपत्याचा शोभराजच्या जीवनावरील ग्रंथ, दुसरा टॉमस टॉम्पसन यांचा 'सर्पेंटाइन'. पहिला मुख्यतः शोभराजच्या मुलाखतींवर आणि त्यांना जोडून केलेल्या शोधावर आधारलेला आहे. दुसरा अनेक प्रवाशांच्या आयुष्याचे धागे दूरदूरून आणून एकत्र गुंफणारा, कादंबरीच्या विस्ताराचा ग्रंथ आहे. दोन्ही ग्रंथांच्या मागे परिश्रम आहेत, आणि दोन्ही ग्रंथांत या प्रकाराचे मूळ दुखणेही आहे.

नेव्हिल यांची भूमिका विशेष विचारात घेण्याजोगी आहे. 'ऑझ' या नियतकालिकाचे ते संपादक होते आणि त्याबद्दल १९७१ मध्ये लंडनमध्ये त्यांच्यावर खटला झाला होता. प्रस्थापित कायद्याविषयी संशय आणि बंडखोर तरुणाईविषयी आपुलकी हा त्यांच्या पिढीचा स्थायीभाव होता. १९७७ मध्ये दिल्लीला येऊन त्यांनी आणि क्लार्क यांनी कैदेतील शोभराजशी संभाषणे केली. वसाहतवादाचा बळी, दोन देशांनी नाकारलेला मुलगा, पाश्चात्त्य समाजावर सूड घेणारा आशियाई, अशी स्वतःची प्रतिमा शोभराजने मांडावी आणि ती ऐकण्यास अनुकूल असा श्रोता त्याला लाभावा, हा योग साधा नव्हता. म्हणजे फकिरासाठी जी सहानुभूती न्याय्य होती, तिचीच वेशभूषा करून येथे दुसराच मनुष्य रंगभूमीवर आला. परंतु ज्यांना त्याने लुटले ती माणसे सत्ताधारी नव्हती. ती पाठीवर पिशवी टाकून निघालेली, बहुतेक विशीतली, अनोळखी माणसाच्या मदतीवर विश्वास ठेवणारी मुले होती. नेव्हिल यांच्या स्वतःच्या पिढीची, स्वतःच्या वाटेवरची मुले.

याचे भान ग्रंथात नाही असे नाही. पुढे पुढे लेखकांचा विश्वास ढळत जातो आणि तपासाच्या कागदपत्रांना कथनात महत्त्व येते. त्या मुलाखतींत शोभराजने खुनांची कबुली दिली आणि नंतर ती नाकारली, ही गोष्टही येथे लक्षात घेतली पाहिजे. आपल्या जीवनकथेचे हक्क त्याने पैसे घेऊन विकले होते. साहजिकच कबुली ही येथे पश्चात्तापाची उक्ती राहत नाही. ती विक्रीची वस्तू होते, आणि नकार हाही त्याच व्यवहाराचा पुढील भाग ठरतो. अमीर अलीचे बोलणे साखळदंडांच्या सान्निध्यात होते. शोभराजचे बोलणे कराराच्या सान्निध्यात होते. बोलणाऱ्याचा लाभ ज्या कथनात गुंतलेला आहे, ते कथन प्रथमपुरुषी असो की तृतीयपुरुषी, त्याचा मूळ आवाज त्या बोलणाऱ्याचाच राहतो.

'सर्पेंटाइन'चा मार्ग निराळा आहे. टॉम्पसन हे बळी गेलेल्यांची पूर्वायुष्ये सांगतात, त्यांची घरे आणि त्यांच्या प्रवासाची कारणे सांगतात. हेतू स्तुत्य आहे. परंतु येथे कथनाचे गतितत्त्व आड येते. कथा गतीवर जगते, आणि या कथेत गती एकाच माणसापाशी आहे. बाकीची माणसे त्याच्या वाटेवर येतात आणि थांबतात. वाचक पान उलटतो तो पुढे काय झाले हे कळावे म्हणून, आणि पुढे जाणारा एकच मनुष्य असतो. परिणामी ज्यांच्याविषयी शोक वाटावयाचा ती माणसे टप्पे होतात आणि ज्याच्याविषयी जुगुप्सा वाटावयाची तो कथेचा प्रवाह होतो. जुन्या परिभाषेत सांगावयाचे तर करुणाचा आलंबन विभाव समोर असूनही रसाचा परिपोष अद्भुताकडे वळतो. हा दोष एका लेखकाच्या प्रतिभेचा नाही; पळणाऱ्याला कथेचा कणा केल्यानंतर तो अटळ होतो.

बालपणाच्या कार्यकारणभावाची गोष्टही अशीच आहे. दोन्ही ग्रंथांत सायगावचे बालपण, दुरावलेला बाप, परक्या घरात मिळालेली उपेक्षा यांचे तपशील येतात. ते खोटे आहेत असे नाही. परंतु कथेत जे आधी येते ते नंतरच्याचे कारण वाटते, आणि जे कारण वाटते ते थोडेसे समर्थनही वाटते. असे बालपण लाभलेले असंख्य लोक खुनी होत नाहीत, हे सांगण्यास कथेत जागा नसते, कारण त्यांची कथा कोणी लिहीत नाही.

त्यानंतरची चार दशके पाहिली तर ही ओढ वाढतच गेली, असे दिसते. ज्या उपाहारगृहात शोभराज पकडला गेला तेथे पुढे त्याचा पुतळा बसविण्यात आला. स्मारक झाले ते फरारीचे. २०१५ चा 'मैं और चार्ल्स' हा हिंदी चित्रपट त्याच्या मोहिनीभोवतीच फिरतो. २०२१ च्या 'द सर्पंट' या ब्रिटिश मालिकेने शोध करणाऱ्याला बरेच महत्त्व दिले, हे मान्य केले तरी नाव मात्र त्याचेच राहिले. २०२५ च्या 'इन्स्पेक्टर झेंडे' या चित्रपटाने पाठलाग करणाऱ्याचे जुने आसन पुन्हा मांडले, आणि तेही विनोदाच्या अंगाने. मुंबईच्या एका साध्या पोलीस अधिकाऱ्याला त्याचे श्रेय मिळाले, हे योग्यच झाले. परंतु फरारी आणि पाठलाग करणारा यांच्या खेळात तिसरा पक्ष पुन्हा एकदा बाहेरच राहिला. तो तिसरा पक्ष म्हणजे बेपत्ता.

५

वस्तुतः या प्रकरणाच्या मुळाशीच एक वेगळी कथा आहे, आणि ती दोन्ही ग्रंथांच्या पानांत विखुरलेली सापडते. हरमन क्निपेनबर्ग हे १९७६ मध्ये बँकॉकच्या डच वकिलातीत तृतीय सचिव होते. खुनाचा तपास हे त्यांचे काम नव्हते. त्यांच्याकडे हॉलंडहून एक विचारणा आली : नियमाने घरी पत्रे लिहिणाऱ्या दोन तरुण प्रवाशांची पत्रे येणे थांबले आहे. सारे प्रकरण उलगडले ते येथून. कोणी पकडला गेला म्हणून नाही, कोणी पळाला म्हणून नाही, तर पत्रे थांबली म्हणून. क्निपेनबर्ग यांनी दातांच्या नोंदींवरून मृतदेहांची ओळख पटविली, शेजाऱ्यांच्या जबान्या गोळा केल्या, वरिष्ठांची नाराजी पत्करली आणि कागद जपून ठेवले. २००३ मध्ये शोभराजला नेपाळमध्ये अटक झाली, तेव्हा सत्तावीस वर्षे जपलेले ते कागद तपासाच्या कामी आले.

आणखी एक तपशील याहून अधिक अर्थपूर्ण आहे. त्या दोघा डच प्रवाशांच्या मृत्यूनंतर त्यांचीच पारपत्रे वापरून शोभराज आणि त्याची साथीदार नेपाळमध्ये गेले होते. फरारी मनुष्य बेपत्ता माणसांच्या नावावर प्रवास करीत होता. तो ज्या नावाने सीमा ओलांडत होता, त्या नावाच्या माणसाच्या घरी पत्राची वाट पाहिली जात होती. या एका वस्तुस्थितीत या साऱ्या वाङ्मयप्रकाराचे रूपक साठविलेले आहे. कारण फरारीची कथाही मेलेल्यांच्या नावावरच प्रवास करते. त्यांच्या मृत्यूवाचून तिला विषय नाही, भय नाही, वाचक नाही. पारपत्र त्यांचे असते आणि त्यावरील छायाचित्र मात्र त्याचे असते.

मग हे लेखन करूच नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. न्यायालय जेथे पोहोचत नाही तेथे कथन पोहोचू शकते, आणि काही वेळा तेवढीच एक नोंद उरते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बाँबस्फोटांवरील एस. हुसेन झैदी यांचा 'ब्लॅक फ्रायडे' हा २००२ चा ग्रंथ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्या स्फोटांत २५७ माणसे मेली. मुख्य आरोपींपैकी दाऊद इब्राहिम आणि टायगर मेमन हे फरारीच राहिले. हा ग्रंथ त्यांच्या मोहिनीपेक्षा कटाच्या यंत्रणेकडे आणि तपासाच्या तपशिलाकडे अधिक लक्ष देतो; शहर हाच त्याचा खरा विषय आहे. त्यावरून अनुराग कश्यप यांनी केलेला चित्रपट तयार होऊनही अडकून पडला. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वी तो दाखविल्यास आरोपींवर अन्याय होईल, या कारणाने मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि विशेष न्यायालयाचा निकाल आल्यावर फेब्रुवारी २००७ मध्ये तो प्रदर्शित झाला. कलावंताच्या दृष्टीने ही गैरसोय होती खरी. पण त्या स्थगितीत एक वाङ्मयीन सत्यही होते : कथन हा एक प्रकारचा निवाडा आहे, आणि म्हणून निवाड्याच्या जबाबदाऱ्या त्यालाही टळत नाहीत. जो हजर नाही त्याच्याविषयी निवाडा करताना तर त्या अधिकच वाढतात. आरोपी आणि अपराधी यांत भेद राखणे, ठाऊक नसलेल्या प्रसंगाला संवाद आणि रंग न देणे, आणि जेथे शेवट नाही तेथे तो रचून न देणे, या गोष्टी केवळ कायद्याच्या सावधगिरीच्या नाहीत. त्या सत्यकथेच्या घाटाच्याच अटी आहेत.

या अटी पाळणारे चौथे आसन शक्य आहे. पाठलाग करणाऱ्याचे, गुन्हेगाराच्या तोंडाजवळचे आणि शाहिराचे, या तीन आसनांवरून फरारी दिसतो. चौथे आसन आहे ते ज्या घरी पत्र आले नाही त्या घराच्या उंबरठ्याचे. तेथे बसून लिहिणाऱ्याला फरारीची प्रत्येक युक्ती सांगण्याचा मोह होणार नाही, कारण उंबरठ्यावरून ती दिसत नाही. जे दिसते ते एवढेच : एक मनुष्य गेला, त्याचा पत्ता लागला नाही, मग लागला, आणि ज्याने हे केले त्याला कोणी जाब विचारला नाही. या कथेला कालक्रम असेल, पण पाठलागाचा वेग नसेल. तिच्यात गती असेल ती प्रतीक्षेची. प्रतीक्षा हा कथेचा विषय होऊ शकत नाही, असे म्हणता येणार नाही. आपल्या ओव्यांतून आणि विराण्यांतून तो शतकानुशतके झालेला आहे. आणि या आसनाचा सर्वांत मोठा लाभ असा की, तेथून शेवटाची पोकळी हा दोष राहत नाही. वाट पाहणाऱ्याच्या कथेला शेवट नसणे हेच तिचे सत्य असते.

या कसोटीवर शोभराजवरील दोन्ही ग्रंथ पुरे उतरत नाहीत. तरीही त्यांतील जी पाने आज वाचावीशी वाटतात, ती पलायनाची नाहीत. ती त्या तृतीय सचिवाच्या चिकाटीची आणि त्या थांबलेल्या पत्रांची आहेत. उरलेली पाने वेगाने वाचली जातात आणि तितक्याच वेगाने विसरली जातात. मागे राहते ते एक नाव, आणि तेही नको त्या माणसाचे.

पोलिसांच्या जाहिरातीत फरारी आरोपीच्या छायाचित्रावर 'पाहिजे आहे' असे छापलेले असते. भाषेचा हा योगायोग अर्थगर्भ आहे. राज्याला तो पाहिजे असतो तो शासनासाठी. वाचकालाही तो पाहिजे असतो, पण रंजनासाठी. प्रकाशकाला, चित्रपटाला, उपाहारगृहाच्या मालकालाही तो पाहिजेच असतो. ज्यांना तो खरोखर पाहिजे असतो, म्हणजे समोर उभा करून एकच प्रश्न विचारावा म्हणून पाहिजे असतो, त्यांची मागणी या साऱ्या मागण्यांच्या गलबल्यात ऐकू येत नाही. ती ऐकू येईल अशी शांतता कथनात निर्माण करणे, हे या प्रकारातील लेखकाचे काम आहे. फरारी कायद्याच्या हातून निसटला तर तो राज्याचा पराभव होय. तो कथेत शिरून नायक झाला तर मात्र तो लेखकाचा पराभव होय, आणि त्या दुसऱ्या पलायनाला कोणत्याही देशात मुदतीचे बंधन नाही.